आरोग्य विमा कंपन्यांची तुलना कशी करावी

आरोग्य विमा घेताना बहुतेक जण हप्त्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडतात, त्यांतला कमी आकडा निवडतात आणि तुलना झाली असे समजतात. वास्तविक इथे दोन वेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात. योजनेच्या अटी काय आहेत ही एक, आणि दावा आल्यावर कंपनी कशी वागते ही दुसरी. अटी उत्तम पण दाव्याच्या वेळी खळखळ करणारी कंपनी आणि व्यवहार चोख पण योजना तुटपुंजी, या दोन्ही निवडी सारख्याच महागात पडतात. म्हणून आधी कंपन्यांची छाननी करून दोन-तीन नावे शिल्लक ठेवावीत आणि मग त्यांच्याच योजनांचे कागद बारकाईने वाचावेत.

त्याआधी एका कागदावर घरातील प्रत्येकाचे वय, सध्याचे आजार, चालू असलेली औषधे, पूर्वीच्या शस्त्रक्रिया आणि गरज पडल्यास आपण ज्या रुग्णालयांत प्रत्यक्षात जाऊ अशा तीन-चार रुग्णालयांची नावे लिहून काढावीत. पुढची सगळी तुलना याच कागदाच्या आधारे करायची आहे.

निरनिराळ्या योजनांच्या अटी वेगळ्या असल्याने त्यांच्या हप्त्यांची थेट तुलना फसवी ठरते. यावर एक सोपा उपाय आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, आखून दिलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून बाजारात आहे. कंपनी कोणतीही असो, तिच्यातील मूळ अटी त्याच राहतात. दाव्यातील ५ टक्के रक्कम विमाधारकाने भरायची आणि खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये, हे सर्वत्र समान आहे. त्यामुळे एकाच वयासाठी व एकाच विमा रकमेसाठी या पॉलिसीचे हप्ते मागवले की कोणती कंपनी त्याच मालाचे किती घेते ते कळते. पुढे आरोग्य संजीवनी घ्यायची नसली तरी ही चाचणी जरूर करावी. जुने हप्ते मात्र हिशेबात धरू नयेत, कारण वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे आणि त्यापूर्वीच्या तक्त्यांत तो अनेकदा मिळवलेला असतो.

आता दाव्यांच्या आकड्यांकडे वळू. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत हेच आकडे असतात आणि सर्वांत जास्त गैरसमजही यांच्याबाबतच होतात. एक आकडा असतो निकाली काढलेल्या दाव्यांच्या टक्केवारीचा. तो दाव्यांची संख्या मोजतो, रक्कम नाही. तीन लाखांच्या दाव्यापोटी कंपनीने पावणेदोन लाख दिले तरी तो दावा निकाली निघालेल्यांतच धरला जातो. दुसरा आकडा म्हणजे हप्त्यापोटी कमावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे दाव्यांवर किती रुपये खर्ची पडले याचे प्रमाण. आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ मध्ये हे प्रमाण सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांसाठी १०० टक्क्यांहून अधिक, तर केवळ आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्यांसाठी सुमारे ६५ टक्के होते. यावरून पहिल्या उदार आणि दुसऱ्या कंजूष असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सार्वजनिक कंपन्यांच्या व्यवसायात कर्मचाऱ्यांच्या गट पॉलिसींचा वाटा मोठा असतो आणि अशा पॉलिसींत हप्ता कमी व दावे जास्त असतात. केवळ आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्यांचा भर वैयक्तिक पॉलिसींवर असतो. म्हणून तुलना एकाच प्रकारच्या कंपन्यांमध्ये करावी आणि शक्य असेल तिथे वैयक्तिक पॉलिसींचा आकडा स्वतंत्रपणे पाहावा. प्रमाण वर्षानुवर्षे फार कमी असेल तर कंपनी हात आखडता घेते का, हे तपासावे. सतत शंभराच्या वर असेल तर आज ना उद्या हप्तावाढ येणार, हे गृहीत धरावे. एका वर्षाच्या आकड्यावर न जाता निदान तीन वर्षांचे आकडे घ्यावेत.

माझ्या मते याहून बोलका पुरावा तक्रारींचा आहे. विमा लोकपालांच्या, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, वार्षिक अहवालात कंपनीनिहाय तक्रारी दिलेल्या असतात. मोठ्या कंपनीविरुद्ध तक्रारी जास्त असणे स्वाभाविक असल्याने त्या आकड्याला तिच्या विमाधारकांच्या संख्येने भागावे आणि मगच मत बनवावे. आर्थिक बळकटीसाठी सॉल्व्हन्सी गुणोत्तर, म्हणजे कंपनीची देणी भागवण्याची क्षमता दाखवणारा आकडा, किमान १.५ असावे लागते आणि ते कंपनीच्या संकेतस्थळावरील तिमाही विवरणात सापडते. तेवढे पाहिले की पुरे.

कंपनीशी जोडलेल्या रुग्णालयांच्या यादीत ‘हजारो रुग्णालये’ असल्याने आपले काही भले होत नाही. आपल्या कागदावरची तीन-चार त्यात आहेत का, एवढाच प्रश्न आहे. यादी जुनी असू शकते आणि दरांच्या वादातून एखाद्या कंपनीची कॅशलेस सेवा (बिल कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याची सोय) रुग्णालये मध्येच थांबवतात, म्हणून रुग्णालयाच्या विमा कक्षाला फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: या कंपनीचे कॅशलेस सध्या चालू आहे का, आणि मंजुरी यायला साधारण किती वेळ लागतो. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हायला हवा. कोणती कंपनी हे पाळते आणि कोणती कागदांवर कागद मागत राहते, हे विमा कक्षातील माणसाइतके नेमके दुसरा कोणी सांगू शकणार नाही.

कंपन्या ठरल्या की योजनेचे ग्राहक माहितीपत्रक मागवावे. पॉलिसीतील मुख्य अटी त्यात ठरावीक नमुन्यात मांडलेल्या असल्याने दोन योजनांची माहितीपत्रके शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून पाहता येते, आणि ते मराठीतही मागता येते. त्यात सर्वप्रथम खोलीभाड्याची अट शोधावी. समजा, विमा रक्कम ५ लाख रुपये आणि भाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये आहे. रुग्णाने ८,००० रुपयांची खोली चार दिवस घेतली. बिलात खोलीचे ३२,०००, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे २,००,००० आणि औषधे व तपासण्यांचे ८०,००० असे एकूण ३,१२,००० रुपये झाले. आपल्याला वाटते की खिशातून भाड्याचा फरक, म्हणजे १२,००० रुपये जातील. परंतु पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल तर डॉक्टर व शस्त्रक्रियेचा खर्चही आठास पाच या प्रमाणात मंजूर होतो. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायची उपकरणे यांना ही कपात लागू होत नाही. म्हणजे खोलीचे २०,०००, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे १,२५,००० आणि औषध-तपासण्यांचे ८०,००० असे २,२५,००० रुपये मिळतात आणि ८७,००० रुपये स्वतः भरावे लागतात. हप्त्यात वाचलेले पैसे एकाच फेरीत असे निघून जातात, म्हणून भाड्याची मर्यादा नसलेल्या योजनेला थोडा अधिक हप्ता द्यावा लागला तरी मी तीच निवडेन.

त्यानंतर प्रतीक्षा कालावधी पाहावा. अपघात वगळता पहिल्या ३० दिवसांत दावा चालत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आणि पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांसाठी ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर याच ओळीवर निवड ठरू शकते. को-पे (दाव्यातील विमाधारकाने भरायचा वाटा), विशिष्ट आजारांवरील रकमेच्या मर्यादा आणि संपलेली विमा रक्कम पुन्हा मिळताना ती त्याच व्यक्तीच्या त्याच आजाराला चालते का, हेही याच पत्रकात पाहून घ्यावे. हप्ता तपासताना आजच्या वयाबरोबर ६० आणि ७० व्या वर्षाचा दरही विचारावा. काही कंपन्या तरुण वयात हप्ता कमी ठेवतात आणि पुढे तो झपाट्याने चढवतात. ज्येष्ठ नागरिकांसाठी वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी कंपनीला आयआरडीएआयशी विचारविनिमय करावा लागतो, तरीही दरवर्षी १० टक्के वाढ झाली तर हप्ता साधारण सात वर्षांत दुप्पट होतो.

शेवटी प्रस्तावपत्र, म्हणजे विम्याचा अर्ज, स्वतः भरावे. ‘साहेब, हे लिहू नका, उगाच हप्ता वाढेल’ असे सुचवणारा एजंट दावा नाकारला जाईल तेव्हा शेजारी उभा नसतो. पॉलिसी सलग ६० महिने चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पण ती मुदत पूर्ण होईपर्यंत न सांगितलेला आजार हे दावा फेटाळण्याचे आयते निमित्त ठरते. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. या दिवसांत मूळ पॉलिसी माहितीपत्रकाशी ताडून पाहावी, जाहीर केलेला प्रत्येक आजार तिच्यात नोंदला आहे ना याची खात्री करावी आणि काही तफावत आढळल्यास कंपनीकडून लेखी दुरुस्ती करून घ्यावी किंवा पॉलिसी परत करावी.