असेंब्ली ड्रॉइंगात सुट्या भागांची माहिती एकदाच कशी लिहावी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी ड्राफ्ट्समन असताना पंपाच्या बेस असेंब्लीत ऐन वेळी एक गास्केट वाढवावे लागले. ड्रॉइंगातील बलूनचे, म्हणजे भागाकडे बोट दाखवणाऱ्या वर्तुळांतले, क्रमांक मी हाताने एकेकाने पुढे सरकवले, पण टायटल ब्लॉकवरची (ड्रॉइंगाच्या माहितीच्या चौकटीवरची) पार्ट लिस्ट सुधारायची राहून गेली. बलून क्रमांक 7 चे टोक स्टडवर होते आणि यादीत 7 समोर नट लिहिलेला होता. फिटरने 7 नंबरचे आठ नग मागितले, स्टोअरने यादी पाहून आठ नट दिले आणि तो ते ओंजळीत घेऊन थेट आमच्या टेबलापाशी आला. चूक माझीच होती; एकच माहिती मी दोन ठिकाणी टंकली होती. पुढे दिलेली पद्धत ऑटोकॅड या आरेखन सॉफ्टवेअरमधील द्विमितीय ड्रॉइंगासाठी आहे. तिच्यात प्रत्येक भागाची माहिती एकाच ठिकाणी लिहिली जाते आणि यादी तिथूनच उचलली जाते.

संगणकाला हात लावण्यापूर्वी कोणती माहिती नोंदवायची ते ठरवावे. क्रमांक, वर्णन, माप, मटेरियल, नग आणि वजन एवढे सहा रकाने बहुतेक कामांना पुरतात. यानंतर साध्या वर्तुळाचा बलून ब्लॉक (एकदा बनवून पुन्हा पुन्हा ठेवता येणारी आकृती) तयार करावा. शून्य लेअरवर वर्तुळ काढून अ‍ॅटडेफ हा आदेश द्यावा आणि सहा रकान्यांसाठी सहा अ‍ॅट्रिब्यूट (ब्लॉकसोबत साठणारे, दर वेळी भरायचे मजकूर) बनवावेत. टॅगमध्ये, म्हणजे त्यांच्या ओळखनावात, मोकळी जागा चालत नाही, म्हणून दोन शब्द अंडरस्कोअरने जोडावेत. क्रमांकाचा अ‍ॅट्रिब्यूट वर्तुळाच्या मध्यावर दिसता ठेवावा आणि उरलेल्या पाचांना इनव्हिजिबल ही खूण करावी, म्हणजे ती माहिती ब्लॉकमध्ये असेल पण कागदावर छापली जाणार नाही. क्रमांकाचा आकडा मापांच्या आकड्यांच्या दुप्पट उंचीचा असावा, मापे 2.5 मिमी असतील तर क्रमांक 5 मिमी आणि वर्तुळ साधारण 12 मिमी व्यासाचे ठेवल्यास दोन अंक सुखाने मावतात. ब्लॉक बनवताना अ‍ॅनोटेटिव्ह हा पर्याय निवडल्यास 1:5 आणि 1:10 अशा दोन्ही प्रमाणांत बलून कागदावर एकाच आकाराचा येतो.

येथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. ब्लॉक करताना अ‍ॅट्रिब्यूट ज्या क्रमाने निवडले जातात, त्याच क्रमाने पुढे ब्लॉक ठेवताना प्रश्न विचारले जातात. माउसने चौकट ओढून सगळे एकदम निवडले तर वजन आधी आणि क्रमांक शेवटी असा उलटसुलट क्रम लागू शकतो, म्हणून ते एकेक करून निवडावेत. तरीही क्रम बिघडला तर बॅटमॅन (BATTMAN) या आदेशाच्या चौकटीत तो वरखाली करता येतो.

बलून ठेवताना भरायच्या मजकुरावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण यादी बिघडते ती बहुधा तिथेच. आमच्या शॉपमध्ये कुणी वॉशर म्हणतो, कुणी वायसर. बोलताना दोन्ही चालते, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे भाग ठरतात. तसेच ‘हेक्स बोल्ट एम16×60’ आणि ‘एम16×60 हेक्स बोल्ट’ यांचे आहे. आधी नाव, मग माप, असा एकच शिरस्ता ठरवून तो लेखी स्वरूपात टेबलावर ठेवावा. मटेरियलच्या रकान्यात नुसते ‘एमएस’ (माइल्ड स्टील) लिहिण्याऐवजी ‘आयएस 2062 ई250’ असे भारतीय मानक आणि ग्रेडसह लिहिले म्हणजे खरेदी विभागाला विचारत बसावे लागत नाही. वजन अंदाजाने भरू नये. पोलादाची घनता घनमीटरला 7850 किलो धरली, तर 300×300×20 मिमीच्या बेस प्लेटचे वजन 14.13 किलो येते. नगाचे वजन लिहिले आहे की एकूण वजन, हेही रकान्याच्या नावातच स्पष्ट करावे. क्रमांक 01, 02 असे दोन अंकी लिहावेत, नाहीतर मजकूर म्हणून क्रम लावताना 1 नंतर 10 येतो आणि 2 मागे पडतो.

बलून आकृतीच्या बाहेर, उभ्या किंवा आडव्या एका रेषेत ठेवावेत. बलूनपासून भागापर्यंतची रेषा मल्टिलीडर या निर्देशक रेषेच्या आदेशाने काढावी आणि त्याच्या स्टाइलमध्ये मजकूर काहीच नको असा पर्याय ठेवावा, कारण क्रमांक दाखवायला बलून आहेच. रेषेचे टोक भागाच्या आत संपत असेल तर तिथे ठिपका, आणि भागाच्या कडेवर टेकत असेल तर बाण द्यावा. रेषा तिरप्या व आखूड असाव्यात, एकमेकींना छेदू नयेत आणि हॅचिंगला (छेद दाखवणाऱ्या तिरप्या रेषांना) समांतर जाऊ नयेत. बोल्ट, वॉशर आणि नट अशा जोडीच्या भागांना एकच रेषा देऊन बलून लागून ठेवले तर ड्रॉइंग मोकळे राहते.

तोच भाग दुसऱ्या व्ह्यूमध्येही दाखवायचा असेल तर हा ब्लॉक पुन्हा ठेवू नये, अन्यथा यादीत त्याची नोंद दोनदा येऊ शकते. तिथे मजकुराचा मल्टिलीडर काढून त्यात फील्ड (दुसरीकडून उचललेला, बदलता मजकूर) घालावे आणि ते मूळ बलूनच्या क्रमांकाशी जोडावे. मूळ क्रमांक बदलला की रीजेन (चित्र पुन्हा आखण्याचा आदेश) केल्यावर हाही बदलतो. मूळ बलून पुसला गेला तर फील्डच्या जागी #### दिसते, आणि ही सूचना मला फार उपयोगी वाटते. मात्र असा लीडर कॉपी करून दुसऱ्या भागावर नेल्यास तो जुन्याच भागाचा क्रमांक दाखवत राहतो.

यादीसाठी डेटाएक्स्ट्रॅक्शन हा आदेश द्यावा. तो तयार करतो ती फाइल ड्रॉइंगाच्याच फोल्डरमध्ये ठेवावी, निवडीच्या पानावर फक्त आपला बलून ब्लॉक राखावा आणि पुढच्या पानावर अ‍ॅट्रिब्यूटखेरीज सर्व गुणधर्मांच्या खुणा काढून टाकाव्यात. ब्लॉकचे नाव आणि संख्या हे रकानेही काढावेत, कारण नग आपण स्वतः भरले आहेत. क्रमांकानुसार क्रम लावून तक्ता टायटल ब्लॉकच्या वर ठेवावा. टेबल स्टाइलमध्ये दिशा वरच्या बाजूला ठेवल्यास शीर्षक तळाशी येते आणि भाग वाढला की ओळ वर चढते, खालच्या ओळींना धक्का लागत नाही. हा तक्ता आपोआप नवा होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. बलूनमध्ये काहीही बदलले की तक्ता निवडून राइट क्लिकच्या यादीतून डेटा लिंक अद्ययावत करावी.

बलूनवर एक्सप्लोड कधीही चालवू नये. भरलेली माहिती जाऊन तिथे नुसते टॅग उरतात. अगदीच गरज पडली तर एक्सप्रेस टूल्समधील बर्स्ट वापरावे, ते भरलेला मजकूर साध्या अक्षरांत राखते. ब्लॉकमध्ये नंतर एखादा अ‍ॅट्रिब्यूट वाढवला तर अ‍ॅटसिंक चालवावे लागते, पण त्याने एखाद्या बलूनमध्ये हाताने केलेले आकार-जागेचे बदल पुसले जातात. सॉलिडवर्क्स किंवा इन्व्हेंटर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये भागाच्या फाइलमधील गुणधर्मांतूनच बलून आणि यादी तयार होतात. तिथे वर्णनाची शिस्त तेवढी पाळावी लागते.

ड्रॉइंग शॉपमध्ये पाठवण्यापूर्वी मी एक प्रिंट काढतो, यादीतील प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने टिक करत तिचा बलून शोधतो, आणि मग उलट दिशेने प्रत्येक बलूनवरून ओळ शोधतो. अदृश्य माहितीही एकदा डोळ्यांखालून जावी म्हणून अ‍ॅटडिस्प ऑन करून पडद्यावर सर्व अ‍ॅट्रिब्यूट पाहतो आणि तपासून झाल्यावर ते पुन्हा नॉर्मलवर आणतो.