जुना मिलिटरी युनिफॉर्म घेताय? मालक शोधताना या चुका टाळा

चोरबाजारातनं जुना खाकी शर्ट उचलायचा, कॉलरच्या आत काहीतरी आकडा दिसला की लगेच फोटो पाठवायचा, "दादा याचा मालक शोधून द्या ना". हे बघून बघून वैताग आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

पहिलं म्हणजे धुवू नका. वास येऊ दे, धूळ असू दे. आत शाईने मारलेला सर्व्हिस नंबर, म्हणजे प्रत्येक सैनिकाचा स्वतःचा नंबर, हाच खरा धागा असतो आणि तो मशीनमध्ये एकदा फिरला की गेला. मी कपडा उलटा करून खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरतो आणि शिवणी, लेबल, शिक्के, रफू सगळ्याचे फोटो काढतो, मग फोनवर कॉन्ट्रास्ट वाढवून बघतो, पुसट शाई बऱ्याचदा उठून दिसते. आणि दिसलेला प्रत्येक आकडा सर्व्हिस नंबर नसतो हो! धोब्याची खूण पण असते, बिब्ब्याची, दोन-तीन अक्षरं नाहीतर रेघा-ठिपके. ती काही केल्या जात नाही, त्यामुळे धुतलेल्या कपड्यात नंबर गायब आणि धोबी मात्र शिल्लक.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक, नुसत्या नावावरून घर गाठणं. भांडुपच्या एका पोराने शर्ट घेतला, विकणारा म्हणाला सेकंड वर्ल्ड वॉर, आफ्रिका. आत आडनाव सावंत. पोराने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर शोधलं, मराठा लाइट इन्फंट्रीतला एक सावंत मिळाला, १९४१ ला आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरनच्या लढाईत गेलेला, वडिलांचं नाव, गाव सगळं होतं. झालं, हा एसटी पकडून थेट कोकणात. शिपायाची मुलगी अजून होती, वडिलांना कधी पाहिलेलंही नाही, म्हातारीने शर्ट मांडीवर घेतला आणि रडली. आणि त्यानंतर, म्हणजे सगळं झाल्यावर, याने मला फोटो पाठवले. आत शिक्का चेन्नईजवळच्या अवाडीच्या ऑर्डनन्स क्लोदिंग फॅक्टरीचा, म्हणजे सैन्याचे कपडे शिवणाऱ्या सरकारी कारखान्याचा. अरे ती फॅक्टरीच १९६१ ची! परत जाऊन सांगायची याची हिंमत होईना, शेवटी मीच नातवाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, काका, आजीला नका सांगू.

म्हणून आधी कपड्याचं वय काढा, मग नंबर, मग रेजिमेंट, नाव सगळ्यात शेवटी. सावंत, जाधव, शिंदे एकेका पलटणीत ढिगाने असायचे राव. बटणावर किंवा बॅजवर राजमुकुट असेल तर १९५० च्या आधीचा माल, अशोकाचे सिंह असतील तर नंतरचा. बटणं बदलतात हे मान्य, म्हणून ती शिवलेला दोरा नवा वाटतो का ते पण बघायचं. आणि त्या कमिशनच्या यादीत फक्त युद्धात गेलेले आहेत, जिवंत घरी आलेला माणूस तिथे सापडणारच नाही, त्यामुळे "यादीत नाही म्हणजे शर्ट नकली" हे लॉजिक फेकून द्या. परत आलेल्यांसाठी घरातलं डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, मराठा असेल तर बेळगावचं रेजिमेंटल सेंटर. वेळ लागतो. ज्याला दोन दिवसांत उत्तर पाहिजे त्याने पोस्टाची तिकिटं जमवावीत.

मुंबईतली खास भानगड म्हणजे शूटिंगचे कपडे. भाड्याने फिरून फिरून जीर्ण झालेले, त्यामुळे दिसायला एकदम ओरिजिनल. यूव्ही टॉर्च मारा, पॉलिस्टरचा दोरा, म्हणजे अलीकडची शिलाई, बऱ्याचदा पांढरा-निळा चमकतो. मात्र आजच्या पावडरने धुतलेला जुना कपडाही चमकतो, म्हणून परत तेच, धुवू नका.

पितळी बॅज ब्रासोने घासू नका, मागचा बनवणाऱ्याचा शिक्का झिजतो. तारेचा हँगर नको, खांदे फाटतात. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबाल तर ऑगस्टपर्यंत बुरशी, मी धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवतो आणि ऑक्टोबरात सावलीत वारा देतो.

आणि रील बनवायला अंगात घालून, सोल्जर असल्याचा आव आणत बाहेर फिरू नका. लोकांना खरा जवान वाटावं म्हणून वर्दी घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, आणि तसंही ऐंशी वर्षं जुनं कापड तुमच्या जिमच्या दंडावर टिकत नाही.