मातीच्या डोक्यापासून प्लास्टरच्या प्रतीपर्यंत: सोलापूरच्या हवेत व्यक्तिशिल्प करताना

कला महाविद्यालयात व्यक्तिशिल्पाचं पहिलं काम करताना सगळा वेळ नाक-डोळ्यांवर जातो, आणि काम फसतं ते आतल्या सांगाड्यामुळे नाहीतर ओलाव्यामुळे. म्हणून आधी त्याच दोन गोष्टी नीट करा.

सांगाड्यासाठी १८ मिमी प्लायचा ४० बाय ४० सेंमी पाट घ्या. खालून दोन लाकडी पट्ट्या ठोका, म्हणजे ओल लागून पाट वाकत नाही आणि उचलताना खाली बोटं जातात. मधोमध ३५ सेंमी उंचीचा लाकडी खांब अँगल आणि स्क्रूने बसवा. नुसते खिळे मातीच्या वजनाने ढिले होतात. खांबाच्या डोक्यावर जाड अ‍ॅल्युमिनियम तारेचे दोन अंडाकृती फेरे एकमेकांना काटकोनात बांधा. त्यांच्या आत लाकडाचे छोटे तुकडे फुलीसारखे बांधून तारेने लोंबते सोडा. याला ‘बटरफ्लाय’ म्हणतात. हे नसेल तर जबड्याखालची माती हळूहळू खाली बसते आणि दुसऱ्या दिवशी हनुवटी लांबलेली दिसते. लाकडाला लाखेचे दोन हात द्या. कोरडं लाकूड मातीतलं पाणी पितं, फुगतं आणि मातीला आतून भेग पाडतं. तार कुठेही पृष्ठभागापासून ३ सेंमीपेक्षा जवळ नको. कपाळातून तार डोकावली की झाकायला माती थापली जाते आणि डोकं मोठंच होत जातं.

माती शाडूची घ्या, १५ ते १८ किलो. सोलापूरच्या शेतातली काळी माती फुकट मिळते, पण ती पाण्याने फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा आठवा. त्याच भेगा गालावर पडतील.

माप कॅलिपरने, म्हणजे दोन टोकांत अंतर पकडणाऱ्या साधनाने घ्या, नजरेने नको. हनुवटी ते टाळू साधारण २२-२३ सेंमी, आणि डोळ्यांची रेषा बरोबर त्याच्या मध्यावर. नवख्या हातून डोळे वर जातात, कवटीचा मागचा भाग चपटा राहतो. बाजूने मापलं तर डोक्याची खोली उंचीच्या जवळपास असते, हे आधी पटवून घ्या. शिल्पात बुबुळाला रंग नसतो, म्हणून तिथे खळगा करून सावली धरायची असते. सोलापूरच्या ‘चार हुतात्मा’ चौकात सकाळी आणि संध्याकाळी जाऊन पुतळ्यांच्या भुवयांखालची सावली कशी सरकते ते पाहा, रेखाटून आणा.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी असते. उघडं काम एका दुपारीत कडक होतं. आधी जुन्या धोतराचं ओलं पिळलेलं फडकं, त्यावर प्लास्टिक, वरून ओली जुनी सोलापुरी चादर. चादर ओल खूप वेळ धरते, पण थेट मातीवर टाकू नका. तिच्या वजनाने नाक दबतं आणि विणीचा ठसा उठतो. काड्या खोचून फडकं चेहऱ्यापासून जरा दूर धरा.

मातीचं काम पुरं झालं की त्यावर प्लास्टरचा साचा चढवायचा, आणि त्या साच्यात प्रत भरायची. दोन्हीला मिळून २० किलो प्लास्टर पुरतं. कानांच्या मागून टाळूवरून पत्र्याचे ४ सेंमीचे तुकडे ओळीने खोचा, म्हणजे मागचा भाग झाकणासारखा निघेल. पाण्यात प्लास्टर भुरभुरवा, प्लास्टरवर पाणी कधीच ओतू नका, गुठळ्या होतात. १ लिटर पाण्याला सुमारे १.४ किलो. दोन मिनिटं भिजू द्या, मग हवा न धरता तळातून ढवळा. गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी किंवा घमेल्यात चिकटलेलं जुनं प्लास्टर असेल तर नवं प्लास्टर हातातच जमतं. माठातलं पाणी आणि धुतलेलं घमेलं वापरा. भुकटी उडते, तोंडाला मास्क हवाच. जमताना प्लास्टर भाजण्याइतकं तापतं, त्यात हात रुतवून ठेवू नका. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका.

पहिल्या पातळ थराच्या प्लास्टरमध्ये नीळ मिसळा आणि तो बोटांनी शिंपडत खाचाखोचांत पोचवा. त्यावर मातीचं पाणी फिरवा, मग काथ्या घालून पांढरा थर, एकूण अडीच सेंमी. तासाभराने फटीत पाणी सोडत पाचरीने झाकण उघडा, माती काढा, मऊ ब्रशने धुवा. आत साबणाच्या पाण्याचे तीन हात, वर तेलाचा अगदी पातळ हात. तेल साचलं की पापण्यांची धार जाते. साचा ओला असतानाच भरा. कोरडा साचा नव्या प्लास्टरचं पाणी ओढून घेतो. दोन्ही भाग बांधून प्लास्टर आत फिरवत २ सेंमीचा थर द्या. मानेत तागाचं कापड घाला, नाहीतर प्रत तिथेच मोडते.

दुसऱ्या दिवशी बोथट छिन्नीने साचा टाळूपासून खाली फोडत या, छिन्नी पृष्ठभागाला काटकोनात. निळा रंग दिसला की हात हलका करा. ही सूचना देण्यासाठीच तो थर असतो. नाक-कान शेवटी.

कामाची वही साचा फोडला त्याच दिवशी भरा. ‘शिकायला मिळालं’ असं लिहिलं तर पुढच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही. लिहायचं ते असं: पाणी किती, प्लास्टर किती, किती मिनिटांत जमलं, बुडबुडे कुठे आले, कोणत्या बाजूची मापं चुकली आणि ती कोणत्या दिवशी लक्षात आली. सोबत रोज एकाच जागेवरून काढलेले तीन फोटो: समोरून, बाजूने, मागून. मागचा फोटो बहुतेक जण काढत नाहीत, आणि कवटीची चूक नेमकी तिथेच दिसते. प्रतीवरचा टवका भरताना ती जागा आधी पाण्याने भिजवा. कोरड्यावर लावलेलं प्लास्टर पोपड्यासारखं सुटून येतं.