फ्री डिश घरभर: डिशपासून टीव्हीपर्यंत कोणतं हार्डवेअर घ्यायचं

गच्चीवर एक डिश, आणि हॉलमधला टीव्ही, आतल्या खोलीतला लॅपटॉप, स्वयंपाकघरातला टॅब या तिन्हीवर वेगवेगळे चॅनल, तेही खोलीखोलीत कोअॅक्सिअल केबल न ओढता. हे जमतं, पण भारतात फक्त मोकळ्या चॅनलांसाठी. टाटा प्ले, एअरटेल किंवा डिश टीव्हीचे चॅनल त्यांच्याच बॉक्समध्ये उघडतात. बाजारातला ट्यूनर, म्हणजे डिशच्या सिग्नलमधून चॅनल काढून संगणकाला किंवा नेटवर्कला देणारं उपकरण, त्यांचा सिग्नल पकडेल, चित्र दाखवणार नाही. बॉक्सच्या एचडीएमआयला कॅप्चर कार्ड लावायचा विचार असेल तर तोही सोडा. एचडीसीपी या कॉपी रोखणाऱ्या संरक्षणामुळे काळा पडदा मिळतो. म्हणून इथे जे सांगितलं आहे ते प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशसाठी: जीसॅट-१५ उपग्रह, ९३.५ अंश पूर्व, केयू बँड.

टीव्ही मोजू नका, ट्रान्सपॉन्डर मोजा

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती टीव्ही आहेत?" हा प्रश्नच चुकीचा. ट्रान्सपॉन्डर म्हणजे उपग्रहावरचा एका फ्रिक्वेन्सीचा प्रक्षेपक, त्यावर अनेक चॅनल एकत्र येतात. एक ट्यूनर एका वेळी एका ट्रान्सपॉन्डरवर बसतो, आणि त्या ट्रान्सपॉन्डरवरचे सगळे चॅनल एकदम देऊ शकतो. एकाच ट्रान्सपॉन्डरवरचे चार चॅनल चार खोल्यांत बघायला एक ट्यूनर पुरतो. वेगवेगळ्या ट्रान्सपॉन्डरवरचे दोन चॅनल बघायला मात्र दोन लागतात. त्यामुळे आधी घरात काय बघितलं जातं ते कागदावर लिहा आणि प्रत्येक चॅनलपुढे त्याची फ्रिक्वेन्सी मांडा. चौघांच्या घराला साधारणपणे दोन ट्यूनर पुरतात. रेकॉर्डिंग करायचं असेल तर तिसरा. फ्री डिशचे ट्रान्सपॉन्डर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यामुळे आठ ट्यूनरचं कार्ड घेणं म्हणजे पैसे वाया.

ट्यूनर डीव्हीबी-एस२ चाच हवा, म्हणजे उपग्रह प्रसारणाच्या नव्या मानकाचा; डीव्हीबी-एस हे जुनं मानक. एमपेग-२ या व्हिडिओ पद्धतीचे जुने चॅनल डीव्हीबी-एसवर चालतात, एमपेग-४ च्या चॅनलांना एस२ लागतो. डीव्हीबी-टी२ (घरच्या अँटेनासाठीचं मानक) किंवा केबलच्या यूएसबी स्टिक दिसायला अगदी तशाच असतात, पण डिशला निरुपयोगी. नेटवर्क ट्यूनर म्हणून नाव झालेला एचडीहोमरनसुद्धा अँटेना आणि केबलसाठी आहे, उपग्रहासाठी नाही.

एलएनबी: इथेच पैसे वाचतात

एलएनबी म्हणजे डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणारा डबा. युरोपातल्या मार्गदर्शकांत चार ट्यूनरसाठी क्वाड, म्हणजे चार तोंडांचा, एलएनबी आणि चार केबली सांगतात. कारण तिथे चॅनल दोन पोलरायझेशन (लहरींची उभी किंवा आडवी दिशा) आणि दोन बँडमध्ये विखुरलेले असतात. एलएनबीला १३ व्होल्ट मिळाले की व्हर्टिकल, १८ मिळाले की हॉरिझॉन्टल, आणि २२ किलोहर्ट्झचा टोन आला की हाय बँड. म्हणजे एका केबलवर एका वेळी चारपैकी एकच भाग येतो. फ्री डिश मात्र ११.७ गिगाहर्ट्झच्या खाली, लो बँडमध्ये आणि व्हर्टिकलवर आहे. सगळ्या ट्यूनरना चारपैकी तोच एक भाग हवा असल्याने एक एलएनबी, एक केबल आणि एक स्प्लिटर पुरतो. खरेदीआधी ताज्या यादीत प्रत्येक फ्रिक्वेन्सीपुढे 'व्ही' आहे ना, एवढं बघून घ्या.

स्प्लिटर घेताना दोन गोष्टी तपासा. त्यावर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ ही पट्टी छापलेली हवी. केबलवाल्यांचा १००० पर्यंतचा स्प्लिटर वरच्या फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो, आणि मग "अर्धेच चॅनल येतात" अशी तक्रार होते. दुसरं म्हणजे वीज कोणत्या तोंडातून वर जाते. एकाच तोंडातून जात असेल तर त्या तोंडाचा ट्यूनर कायम चालू असला पाहिजे, नाहीतर तो झोपला की एलएनबी बंद आणि बाकीचे ट्यूनर आंधळे. डायोड लावलेला, सगळ्या तोंडांतून वीज नेणारा स्प्लिटर घेतला की हा प्रश्न उरत नाही.

एलएनबी युनिव्हर्सल घ्या, ९७५०/१०६०० लिहिलेला. जुन्या डिशवर नुसता १०६०० वाला असेल तर तो इथे चालणार नाही. एलएनबी आपला आकडा उपग्रहाच्या फ्रिक्वेन्सीतून वजा करून सिग्नल केबलमध्ये सोडतो. गणित सोपं आहे: ११०९० मेगाहर्ट्झमधून ९७५० वजा केले की १३४० उरतात, ते ट्यूनरच्या पट्टीत बसतात; १०६०० वजा केले तर ४९०, जे ट्यूनरला दिसतच नाहीत.

ट्यूनर कोणता

यूएसबी, संगणकाच्या आत बसणारं पीसीआय-एक्स्प्रेस कार्ड, सॅट-आयपी बॉक्स (उपग्रहाचा सिग्नल थेट घरच्या नेटवर्कवर देणारा) किंवा लिनक्सवर चालणारा रिसीव्हर असे चार मार्ग आहेत.

घरात चोवीस तास चालणारा लहान संगणक असेल तर यूएसबीने सुरुवात करावी. डीव्हीबीस्काय एस९६० या यूएसबी ट्यूनरचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. फर्मवेअरची फाइल तेवढी जागेवर ठेवावी लागते. ट्यूनर दिसतो पण लॉक होत नाही, म्हणजे सिग्नल धरत नाही, असं झालं तर आधी कर्नलचा लॉग बघा, बहुतेक वेळा फाइल सापडली नसल्याची ओळ तिथे असते. यूएसबी ट्यूनरसोबत आलेला वेगळा अॅडॅप्टर लावायलाच हवा. एलएनबीला लागणारी वीज यूएसबी पोर्टातून भागत नाही.

टीबीएसचं ६९०२ हे दोन ट्यूनरचं कार्ड आणि ६९०४ हे चार ट्यूनरचं. दोन्ही दणकट, पण त्यांचे ड्रायव्हर कर्नलबाहेरचे आहेत, म्हणून कर्नल अपडेट झालं की पुन्हा बांधावे लागतात. ज्याला हे जमत नाही त्याने आपोआप होणारं कर्नल अपडेट बंद ठेवावं.

सॅट-आयपी बॉक्स, उदाहरणार्थ डिजिटल डिव्हायसेसचा ऑक्टोपस नेट, सगळ्यांत सुटसुटीत. एका बाजूला डिशची केबल, दुसऱ्या बाजूला लॅन. मात्र युरोपच्या बाजारासाठी बनलेले हे बॉक्स आपल्याकडे बहुधा मागवावे लागतात, आणि बिघडले तर दुरुस्तीला कुणी नसतं. एनिग्मा-२ या लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरचा जुना रिसीव्हर, व्हीयू प्लससारखा, स्वस्तात मिळाला तर सोडू नका. ८००१ पोर्टवरून तो चॅनल थेट व्हीएलसीला देतो, वेगळा संगणक लागत नाही.

सिनॉलॉजीच्या नॅसला (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्याला) यूएसबी ट्यूनर लावायचा बेत असेल तर थांबा. त्याच्या डीएसएम या प्रणालीच्या आवृत्ती ७ पासून टीव्ही ट्यूनरचा आधार काढून टाकला आहे.

सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आणि ट्यूनरचे चॅनल घरभर वाटणारं टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर ही जोडी पुरते. २९५०० सिम्बॉल रेट (प्रसारणाचा वेग) आणि ३/४ एफईसी (चुका दुरुस्त करणाऱ्या जादा माहितीचं प्रमाण) असलेला अख्खा डीव्हीबी-एस ट्रान्सपॉन्डर म्हणजे सुमारे ४१ मेगाबिट प्रति सेकंद. एसडी चॅनल त्यातले दोन-तीन घेतो. पायला हे काम जड नाही. जड आहे ते ट्रान्सकोडिंग, म्हणजे व्हिडिओ एका पद्धतीतून दुसरीत बदलणं, ते त्याच्यावर लादू नका.

डिश बसवताना

पुण्यातून दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे १३२ अंश, उंची (क्षितिजापासूनचा कोन) ५९. नागपुरातून १४५ आणि ६०. पणजीतून १२७ आणि ६१. घरोघरी दिसणाऱ्या ऑफसेट डिशचा पत्रा मात्र याहून पुष्कळ उभा दिसतो, म्हणून उंची डिशच्या मागच्या खुणांवरच लावा. एलएनबी आपल्या अक्षाभोवती फिरवावा लागतो हे बरेच जण विसरतात: पुण्यात साधारण ४५ अंश, नागपुरात ३३. फिरवण्याची बाजू चुकली तर 'स्ट्रेंग्थ' भरपूर आणि 'क्वालिटी' शून्य दिसते. मीटरवर क्वालिटी बघतच फिरवा.

आणखी एक फसवणूक म्हणजे शेजारचा उपग्रह. डिश टीव्ही ९५ अंशांवर आहे, केवळ दीड अंश पलीकडे, आणि ६० सेंटिमीटरच्या डिशला दोन्ही एकदम दिसू शकतात. लॉक मिळाला तरी स्कॅनमध्ये सगळे चॅनल एन्क्रिप्टेड दिसले तर डिश जराशी पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला ढकला. डीडी सह्याद्रीचं नाव दिसलं की जागा बरोबर.

कोकणात आणि घाटमाथ्यावर ६० सेंटिमीटर पावसाळ्यात अपुरी पडते, त्यात स्प्लिटर चार-पाच डेसिबल खातो. तिथे ९० सेंटिमीटर घ्या. केबल आरजी-६, आतली तार पूर्ण तांब्याची, लांबी शक्यतो ३० मीटरच्या आत. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पाणी कनेक्टरात जात नाही. डिशला आणि केबलच्या आवरणाला अर्थिंग करा. पूर्वी वीज पडली तर एक बॉक्स जायचा. आता तीच केबल लॅनमार्गे राउटर आणि नॅसपर्यंत पोचलेली असते.

शेवटचे काही मीटर

सर्व्हर राउटरला तारेनेच जोडा. सॅट-आयपी मूळचं यूडीपीवर, म्हणजे हरवलेलं पाकीट पुन्हा न पाठवणाऱ्या पद्धतीवर, चालतं आणि वायफायवर त्याची पाकिटं गळतात, चित्राचे चौकोन होतात. त्यामुळे बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये टीव्हीहेडएंड ठेवून वायफायवर टीसीपीने (यात हरवलेलं पुन्हा मागवलं जातं) पाठवणं बरं: कोडी या प्लेअरसाठी ९९८२, ब्राउझर आणि व्हीएलसीसाठी ९९८१ पोर्ट. मल्टिकास्ट (एकच प्रवाह अनेकांना एकदम पाठवणं) चालू केलं आणि स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे तो प्रवाह मागणाऱ्यालाच पोचवण्याची सोय, नसेल तर घरातलं सगळं वायफाय रेंगाळतं.

टीव्हीपाशी बसणारा बॉक्स निवडताना सगळे फोर-के आणि एचईव्हीसी ही नवी व्हिडिओ पद्धत बघतात. फ्री डिशला लागतं ते एमपेग-२, आणि अनेक स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये त्याचा हार्डवेअर डिकोडर नसतो. प्रोसेसर बरा असेल तर सॉफ्टवेअरने निभावतं. चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींत पाठवलेलं, असल्याने प्लेअरमध्ये डीइंटरलेसिंग चालू ठेवा, नाहीतर क्रिकेटमध्ये चेंडूच्या कडा करवतीसारख्या दिसतात. अगदीच चालत नसेल तरच सर्व्हरवर एच.२६४ मध्ये बदला, आणि त्यासाठी रास्पबेरी पाय नाही, क्विक सिंक (व्हिडिओ बदलण्याची प्रोसेसरमधलीच सोय) असलेला इंटेलचा मिनी पीसी घ्या.