कथेवर खटला चालवा, मग निबंध लिहून घ्या

'कथेतील पात्र योग्य वागले का?' असा प्रश्न दिला, की आठवी-नववीच्या वह्यांत बहुधा कथेचा सारांश उतरतो आणि शेवटी 'म्हणून मला असे वाटते' हे एक वाक्य चिकटवलेले असते. मताला आधार द्यायची सवय लावण्यासाठी वर्गात अभिरूप न्यायालय, म्हणजे कथेतील पात्रावरचा लुटुपुटूचा खटला, भरवावे.

कथा चार-पाच पानांची आणि दोन्ही बाजूंना बळ देणारी हवी. नाशिकच्या वर्गासाठी शिक्षकांना स्वतःही ती लिहिता येईल: निफाडच्या द्राक्षबागेतला राखणदार केरू रात्री मालकाच्याच मुलाला क्रेट पळवताना पाहतो आणि गप्प बसतो, सकाळी आळ तोडणीच्या मजुरावर येतो व त्याचे काम सुटते. प्रत्येक परिच्छेदाला समासात क्रमांक घालून घ्यावा. मग आरोप एका वाक्यात फळ्यावर लिहावा: 'केरूने जाणूनबुजून गप्प राहून निरपराध मजुराचे काम घालवले.' 'केरू वाईट आहे' हा आरोप होत नाही, कारण त्यात सिद्ध करण्याजोगी कृतीच नाही.

सरकारी वकील, बचावाचे वकील आणि साक्षीदार निवडल्यावर उरलेल्या सगळ्यांना न्यायाधीश करावे. आपल्याकडे फौजदारी खटल्यात ज्युरी (निर्णय देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ) नसते. न्यायाधीश मुद्दे ठरवतात, निर्णय देतात आणि त्याची कारणे लिहून ठेवतात. पुढच्या निबंधाचा आराखडा नेमका हाच आहे. काळे कोट, हातोडा यांत तासिका घालवू नये.

सरतपासणीत (आपल्याच साक्षीदाराला विचारताना) उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू देऊ नयेत. उलटतपासणीत (समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला विचारताना) ते चालतात. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची राहील. साक्षीदाराने कथेत नसलेले काही सांगितले, तर समोरच्या वकिलाने 'परिच्छेद कोणता?' एवढेच विचारावे. खरा अभ्यास इथेच होतो. समजा, सरकारी वकील म्हणतो, 'केरूने मुलाला ओळखले होते.' बचाव पक्ष विचारतो, 'अंधारात?' त्यावर सातवा परिच्छेद वाचला जातो: केरूने बॅटरी मारली आणि लगेच विझवली. ओळखले नसते तर त्याने हाक मारली असती, असे सरकार पक्ष म्हणतो. भीतीनेही माणूस बॅटरी विझवतो, असे बचाव पक्ष म्हणतो. वाक्य तेच, अर्थ दोन. न्यायाधीशांनी वहीत दोन रकाने आखून दोन्ही नोंदवावेत.

युक्तिवाद संपताच, चर्चा न करता, प्रत्येकाने (वकील आणि साक्षीदारांनीही) निकालपत्र लिहावे. पहिल्या परिच्छेदात मुद्दा आणि निर्णय. पुढे दोन-तीन कारणे, प्रत्येकाला परिच्छेद क्रमांकाचा आधार. त्यानंतर विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा प्रामाणिकपणे मांडून तो का पटला नाही, ते लिहावे. या शेवटच्या भागाला सर्वाधिक गुण ठेवावेत, कारण मुले तोच टाळतात. वकिलांनी शक्यतो आपण लढवलेल्या बाजूच्या विरुद्ध निकाल लिहून पाहावा. ते त्यांना जड जाते, पण उलटतपासणीत आपलीच बाजू कुठे लंगडी पडली, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

हात वर करून निकाल घ्यायचाच असेल, तर सर्व वह्या जमा झाल्यावर घ्यावा. आधी घेतल्यास बरीच मुले बहुमताकडे पाहून लिहितात.