जुन्या फोर बाय फोरची उंची वाढवताना या चुका टाळा

सोलापूर परिसरात जुनी मारुती जिप्सी किंवा महिंद्राची एमएम ५४०, मेजर, पहिल्या पिढीची थार अशी फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) गाडी बाळगणारे बरेचसे मालक एकाच कारणाने गाडीची उंची वाढवायला निघतात. पावसाळ्यात मंगळवेढा, मोहोळकडच्या काळ्या रानातून जाताना ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोरीत गाडीचे पोट टेकते आणि चारही चाके जागच्या जागी फिरत राहतात. अडचण खरी आहे, पण तिचे निदान घाईने केले जाते. पंधरा-वीस वर्षे ओझे वाहिलेल्या गाडीच्या कमानी (पाट्यांच्या स्प्रिंगा) बसलेल्या असतात, त्यांच्या सांध्यांतले बुश झिजलेले असतात आणि कंपनीने दिलेली मूळ उंचीच तिने गमावलेली असते. ती उंची परत मिळवणे ही दुरुस्ती आहे. त्यापलीकडे जाणे हा फेरबदल आहे, आणि फेरबदलाला कायदा लागू होतो. या दोहोंतला फरक न ओळखता कामाला हात घालणे ही पहिली चूक, आणि पुढच्या अनेक चुका तिच्यातूनच निघतात.

कागद नंतर बघू, असे म्हणणे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवून दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यातले ‘प्रत्येक फेरबदलामागे’ हे शब्द मालकांनी नीट वाचावेत, कारण उंची, टायर आणि पुढचा लोखंडी गार्ड हे तीन वेगळे फेरबदल ठरू शकतात. त्या गार्डबद्दल, म्हणजे बुलबारबद्दल, तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास कळवले होते.

उंची वाढवण्याचे किट विकणारा ‘हे एआरएआय मान्य आहे’ असे सांगतो तेव्हा त्याच्या शब्दावर समाधान मानू नये. पुण्याची ही संस्था वाहने आणि त्यांचे सुटे भाग तपासून प्रमाणपत्र देते, हे खरे आहे. परंतु ते प्रमाणपत्र विशिष्ट वस्तूसाठी आणि विशिष्ट निकषांपुरते असते. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे प्रमाणपत्र म्हणजे तुमच्या गाडीची उंची दोन इंच वाढवण्याची परवानगी नव्हे. आपल्या मॉडेलचे नाव असलेला कागद मागावा आणि तो घेऊन, कामाला हात लावण्यापूर्वी, गाडीची नोंदणी जिथे आहे त्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करावा. जिल्ह्यात सोलापूर एमएच-१३ आणि अकलूज एमएच-४५ अशी दोन कार्यालये आहेत, तेव्हा अर्ज आपल्याच कार्यालयात जाईल याची खात्री करावी. उत्तर नकारार्थी आले, तर त्या गाडीपुरता तो विषय तिथेच संपतो. काम आधी उरकून परवानगी मागायला जाणाऱ्याच्या हातात मात्र महागडे किट आणि नापास गाडी एवढेच उरते.

‘पासिंगच्या (परिवहन कार्यालयातील तपासणीच्या) दिवशी जुने भाग बसवू आणि नंतर पुन्हा बदलू’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर नमुना २५ भरून आणि गाडी तपासून पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते. त्या दिवशी गाडी पास झाली, तरी पुढच्या पाच वर्षांत अपघात झाल्यास विमा कंपनीचा सर्व्हेअर पासिंगच्या दिवशीची नव्हे, तर अपघाताच्या दिवशीची गाडी पाहतो. न कळवलेला फेरबदल हे दावा अडकण्याचे नेहमीचे कारण असते. मंजूर झालेला बदलसुद्धा विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंदवून घ्यावा.

बसलेल्या कमानीवर उपाय म्हणून एक पाटा वाढवणे

या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. आधी मोजमाप घ्यावे. सपाट काँक्रीटवर गाडी उभी करून, चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरून, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजावे आणि लिहून ठेवावे. चालकाची बाजू डावीपेक्षा खाली असेल, किंवा मागची बाजू पुढच्यापेक्षा स्पष्टपणे बसलेली असेल, तर उत्तर तिथेच मिळते. त्यानंतर कमान उतरवून तुटलेला पाटा, घासून बारीक झालेला सेंटर बोल्ट, अंडाकृती झालेली बुशची भोके आणि शॅकलच्या (कमानीचे टोक चासीला लटकवणाऱ्या दुव्याच्या) पिना तपासाव्यात.

बसलेली कमान कारागिराकडून पुन्हा मारून घेता येते, पण थकलेले पोलाद काही महिन्यांत पुन्हा खाली येते. गॅसच्या ज्योतीने पाटा तापवून वाकवणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्या उष्णतेने पाट्याचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरते आणि तो ओझ्याखाली वाकून राहतो किंवा मोडतो. मूळ मापाच्या नव्या कमानी, नवे बुश आणि मूळ लांबीचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर हाच टिकाऊ मार्ग आहे. यात गाडी कंपनीच्या तपशिलाकडे परत जाते, त्यापासून दूर जात नाही.

एक जादा पाटा घातला की गाडी उचललेली दिसते आणि मालक खूश होतो. मात्र कमान कडक होते आणि खड्ड्यात चाक खाली उतरण्याची तिची क्षमता कमी होते. आडव्या चरातून जाताना गाडीचे एक चाक हवेत राहते. साधा डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच) असलेल्या गाडीत जोर त्या हवेतल्या चाकाकडे निघून जातो आणि जमिनीवरचे चाक उभेच राहते. कमी उंचीची पण मऊ कमानीची जिप्सी जिथून निघून जाते, तिथे उंच आणि कडक गाडी अडकते, ती यामुळे. ऑफ-रोडिंगमध्ये चाक जमिनीला टेकलेले राहणे हे पोटाखालच्या जागेपेक्षा अधिक मोलाचे आहे, हे ध्यानात ठेवले तर निम्म्या किटांचा मोह आपोआप सुटतो.

लांब शॅकल हा दुसरा लोकप्रिय उपाय आहे. शॅकल ५० मिलिमीटरने लांब केला की गाडी साधारण २५ मिलिमीटरच उचलली जाते, कारण कमानीचे एकच टोक खाली जाते. त्याबरोबर ॲक्सलचा कोन फिरतो, पुढच्या बाजूला कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) बदलते आणि स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासे होते. पुढच्या ॲक्सलवर कमानीखाली लोखंडी ठोकळे बसवणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. जोराचा ब्रेक लागताच ठोकळा सरकण्याचा धोका असतो आणि त्या क्षणी गाडी चालकाच्या हातात राहत नाही. जिप्सीची कमान ॲक्सलच्या खालून काढून वर बसवण्याचे काम काही ठिकाणी होते. त्यात उंची बरीच वाढते, पण वेल्डिंग, स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन आणि प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत जोर नेणारा लांब दांडा) हे सगळेच बदलावे लागते. अशी गाडी खासगी मैदानापुरती ट्रेलरवर न्यावी. ती सार्वजनिक रस्त्यावर आणू नये.

पहिल्या पिढीच्या थारच्या सीआरडीई प्रकारात पुढे कमान नसून टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई) आहे. त्याचा बोल्ट आवळला की पुढची बाजू दहा मिनिटांत वर येते, म्हणूनच ही चूक जास्त होते. वर आलेली उंची ही चाकाच्या खाली जाण्याच्या अंतरातून उसनी घेतलेली असते. ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके चालू लागतात, त्यांची रबरी बुटे फाटतात आणि अलाइनमेंट बिघडल्याने टायर एका कडेने झिजतो. बार कालांतराने खरोखर बसला असेल, तर तो कंपनीच्या मापापर्यंतच आवळावा आणि लगेच अलाइनमेंट करून घ्यावी.

टायरचा हिशेब न करणे

ॲक्सलचा गोळा (डिफरन्शियलचा फुगीर भाग) जमिनीपासून उंच नेण्याचा मार्ग टायर हाच असल्याने मोठ्या टायरचे आकर्षण समजण्यासारखे आहे, पण आकडे पाहावेत. जिप्सीच्या २०५/७० आर१५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर येतो आणि २३५/७५ आर१५ चा सुमारे ७३३. व्यास ६५ मिलिमीटरने वाढला, तरी पोटाखाली मिळतात ३२-३३ मिलिमीटर, कारण वाढीचा अर्धा भाग ॲक्सलच्या वर जातो. त्या सव्वा इंचासाठी परिघ जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या आसपास धावत असते, क्लचवर ताण येतो, ब्रेकला अधिक जड चाक थांबवावे लागते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कमानीला किंवा मडगार्डला घासतो. कंपनीने आपल्या मॉडेलसाठी किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारासाठी मान्य केलेले माप कोणते, ते मालकाच्या पुस्तिकेत पाहावे आणि तिथेच थांबावे.

त्या मापात राहून नक्षी मात्र विचारपूर्वक निवडावी. सोलापूरची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि बारीक नक्षीचा टायर गुळगुळीत होऊन बसतो. रुंद खाचांचा टायर फिरता फिरता चिखल बाहेर फेकतो, पण तोच टायर पुणे-हैदराबाद महामार्गावर ओल्या डांबरावर कमी पकड देतो. ज्याची गाडी रोज शहरात चालते, त्याने मधला, ऑल-टेरेन प्रकार घ्यावा. चिखलात शिरण्यापूर्वी हवा कमी केल्याने जो फरक पडतो, तो एक इंच उंचीने पडत नाही; फक्त डांबरी रस्त्यावर परत येताच हवा पूर्ण भरण्यासाठी कॉम्प्रेसर जवळ असावा. आपल्याकडच्या मे महिन्यात चाळीस अंशांच्या पुढे गेलेल्या उन्हात कमी हवेचा टायर महामार्गावर पळवला, तर तो तापून फुटू शकतो.

कामानंतर दिसणारी लक्षणे दुर्लक्षित करणे

परवानगीने उंची वाढवलेली असो किंवा नव्या कमानींनी मूळ उंची परत आलेली असो, पहिले काही दिवस गाडीकडे बारकाईने लक्ष द्यावे. ठराविक वेगाला स्टिअरिंग जोरजोरात थरथरू लागले, तर केवळ चाकांचे बॅलन्सिंग करून थांबू नये. कॅस्टर, टाय रॉडची टोके, किंगपिनचे बेअरिंग आणि शॅकलचे बुश या क्रमाने तपासत जावे. स्टिअरिंग डॅम्पर बसवून थरथर दाबली जाते, पण झिजलेला भाग तसाच राहतो. गाडीखालून वेगाबरोबर वाढणारी कंपने येत असतील, तर प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन जुळत नाहीत किंवा क्रॉस (त्याचा सांधा) गेला आहे, असे समजावे.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नाही. गाडी जॅकवर उचलून चाके पूर्ण लोंबकळू द्यावीत आणि ब्रेकचे रबरी होज ताणले जात नाहीत ना, ते हाताने चाचपून पाहावे. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक वाल्व्ह ओझ्याप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. गाडी उंच झाली की त्याला ती रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. ब्रेक लावल्यावर पुढची बाजू पूर्वीपेक्षा जास्त वाकत असेल, तर या वाल्व्हची जोडणी मेकॅनिककडून मापाप्रमाणे करून घ्यावी. कमानीचे यू-बोल्ट नेहमी नवेच वापरावेत आणि शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर ते टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत.

उंचीवर विसंबून गाडी कुठेही घालणे

जुन्या पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलमधला फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल नसतो. म्हणून कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळणे घेतल्यास सगळा ताण गिअरवर येतो. ज्या गाड्यांना पुढच्या चाकांवर हाताने लावायचे हब आहेत, तिथे ते न लावता चिखलात शिरल्यास पुढचा शाफ्ट फिरतो, पण चाकांना जोर मिळत नाही. सीनेच्या किंवा भीमेच्या पात्रातून पाणी ओलांडण्यापूर्वी ॲक्सलच्या ब्रीदरची (हवा ये-जा करणाऱ्या छिद्राची) नळी उंचावर नेलेली असावी, नाहीतर तापलेला गोळा पाण्यात थंड होताना आत पाणी ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी तेलाचा बोल्ट सैल करून पाहावा. तेल दुधाळ दिसले, तर ते त्याच दिवशी बदलावे.

अडकलेली गाडी काढायला गावातला ट्रॅक्टर धावून येतो आणि साखळी बहुधा बंपरला बांधली जाते. बंपर ओढीसाठी बनवलेला नसतो; तो किंवा ट्रेलरचा बॉल निखळून उडाला, तर माणूस दगावतो. चासीला बोल्टने पक्के केलेले हुक पुढे-मागे असणे, हे दोन इंचांच्या उंचीपेक्षा आधी करायचे काम आहे. आणि गाडी कितीही सक्षम असली, तरी नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या गवताळ पट्ट्यात ती घालू नये. तिथे विनापरवाना शिरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याच्या माळावर चाकाची एक फेरीसुद्धा फार होते.

काळ्या रानातून घरी आल्यावर चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूची माती त्याच दिवशी पाण्याच्या जोराने काढावी. ती वाळून घट्ट झाली की दुसऱ्या दिवशी महामार्गावर स्टिअरिंग थरथरते आणि मालक विनाकारण सस्पेन्शन उघडायला गॅरेजमध्ये जातो.