प्रोग्रामरचा पगार कसा ठरतो आणि हातातली ऑफर कशी वाचायची

प्रोग्रामरला पगार किती मिळतो, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: कुठल्या प्रकारच्या कंपनीत, कुठल्या लेव्हलला (म्हणजे पदाच्या कुठल्या पायरीवर) आणि कुठल्या वर्षी? ही तीन उत्तरं नसतील तर आकडा सांगण्यात अर्थ नाही. मी आधी कोड लिहायचे. नंतर बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले, मुलाखती घेतल्या, लेव्हल ठरवणाऱ्या बैठकांत भांडले, एचआरशी आकड्यांवरून हुज्जत घातली. त्या बाजूनं जे दिसतं तेच इथे सांगते.

आधी छापील आकड्यांचं बघू. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या मे २०२३ च्या आकडेवारीत ‘कॉम्प्युटर प्रोग्रामर’चं मध्यक वार्षिक वेतन (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ९९,७०० डॉलर आहे आणि ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’चं १,३२,२७०. ब्युरोच्या वर्गवारीत पहिला आखून मिळालेलं काम कोडमध्ये उतरवतो; दुसरा काय बांधायचं आणि कसं, हेही ठरवतो. प्रत्यक्षात कंपन्या या पाट्या वाटेल तशा लावतात, त्यामुळे पाटीवरून काही ठरवू नका. पण निर्णय घेणाऱ्याला जास्त पैसे मिळतात ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, ती पुढे पदोपदी भेटेल. त्याच आकडेवारीत तळाच्या दहा टक्के डेव्हलपरांना ७७,०२० पेक्षा कमी आणि वरच्या दहा टक्क्यांना २,०८,६२० पेक्षा जास्त मिळतं. आणि यात ओव्हरटाइम, वर्षअखेरचा बोनस, शेअर हे काहीच धरलेलं नाही. म्हणजे खरी दरी याहून मोठी आहे. कुठलाही आकडा दिसला की तो सरासरी आहे की मध्यक, आणि त्यात काय काय धरलंय, एवढं विचारल्याशिवाय त्याच्याशी स्वतःची तुलना करू नका. मूठभर लठ्ठ पगार सरासरीला वर ओढतात आणि मधल्या माणसाला उगाच आपण मागे पडलो असं वाटतं.

कंपनीचा पैसा येतो कुठून

माझ्या मते पगारातला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि नोकरी शोधणारे नेमका याचाच विचार सगळ्यात कमी करतात.

स्वतःचं प्रॉडक्ट विकणाऱ्या कंपनीत कोड एकदा लिहिला की तो आणखी लाखभर ग्राहकांना वापरायला द्यायचा खर्च किरकोळ असतो. जाहिराती दाखवणाऱ्या किंवा पेमेंट स्वीकारणाऱ्या यंत्रणेत एका इंजिनिअरनं अर्ध्या टक्क्याची सुधारणा केली, तर त्याच्या पगाराच्या कित्येक पट पैसे त्या वर्षीच येतात. अशी कंपनी दुप्पट पगार देते त्यात औदार्य नसतं, तिला तो परवडतो.

सर्व्हिस कंपनी तास विकते. क्लायंटकडून तुमचा जो बिलिंग रेट मिळतो त्यातून तुमचा पगार, बेंचवर बसलेल्यांचा, म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेल्यांचा पगार, ऑफिसचं भाडं, सेल्सची माणसं आणि नफा, एवढं सगळं भागवायचं असतं. तुम्ही कितीही चलाख असलात तरी तुमच्या तासाला क्लायंट देतो त्याच्या वर तुमचा पगार जाऊच शकत नाही, आणि करार नव्यानं होईपर्यंत तो रेटही हलत नाही. इथे पगार वाढवायचा तर ज्या कामाचा रेट मुळात जास्त आहे तिकडे सरकावं लागतं. मॅनेजरला आपला रेट विचारायला बिचकू नका. सांगणार नाहीत कदाचित, पण तुम्हाला हिशेब कळतो एवढं त्यांना कळतं.

तिसऱ्या प्रकारात बँका, विमा कंपन्या, कारखाने, इस्पितळं येतात. तिथे सॉफ्टवेअर हा खर्च असतो आणि खर्च कमी करण्यावर दरवर्षी बैठका होतात. पण याच बँकेत सौद्यांची यंत्रणा सांभाळणाऱ्याला आणि रजेच्या अर्जाची यंत्रणा सांभाळणाऱ्याला सारखा पगार नसतो. एक थेट कमाईला जोडलेला आहे, दुसरा नाही. म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणतात तेव्हा हे विचारा: “ही टीम उद्या बंद झाली तर कंपनीचं कुठलं उत्पन्न थांबेल?” समोरचा गडबडला, तर ती टीम कपातीच्या यादीत कुठे असेल याचा अंदाज बांधा.

लेव्हल: इथे घासाघीस करा

मोठ्या कंपन्यांत प्रत्येक लेव्हलला पगाराचा बँड असतो, किमान आणि कमाल. बँडच्या आत एचआर थोडंफार हलू शकतो. बँड ओलांडायला वरच्या सह्या लागतात आणि त्या सहसा मिळत नाहीत. त्यामुळे उमेदवार पाच टक्क्यांसाठी आठवडाभर भांडतो आणि लेव्हलबद्दल चकार शब्द काढत नाही, तेव्हा मला आतून हळहळ वाटते. एक लेव्हल वर गेल्यानं जो फरक पडतो तो त्या पाच टक्क्यांनी कधीच भरून निघत नाही.

लेव्हलची नावं कंपनीगणिक वेगळी असतात. नवख्या इंजिनिअरला गूगलमध्ये एल३ म्हणतात, अ‍ॅमेझॉनमध्ये एल४, मेटामध्ये ई३, मायक्रोसॉफ्टमध्ये ५९. म्हणजे गूगलच्या एल४ नं अ‍ॅमेझॉनचा एल४ स्वीकारला तर तो चक्क एक पायरी खाली उतरला. ऑफर येण्याआधीच, फोनवर, सरळ विचारा: “मला कुठल्या लेव्हलसाठी बघताय, आणि वरच्या लेव्हलसाठी कशात कमी पडलो?”

आता पलीकडच्या खोलीत काय चालतं ते सांगते. अनुभवाची वर्षं आम्ही बघायचो, पण वाद त्यावर होत नसे. वाद व्हायचा तो याच्यावर: या माणसाला अर्धवट, गोंधळलेलं काम दिलं तर तो ते स्वतः सोडवेल, की रोज येऊन ‘पुढे काय करू’ विचारेल? त्याच्या निर्णयाचा परिणाम एका फाइलपुरता होता, एका टीमपुरता, की अनेक टीमवर? कोडिंगच्या फेरीत सारखेच गुण मिळालेले दोघं या प्रश्नावर वेगवेगळ्या लेव्हलला जायचे. तेव्हा ‘आम्ही पेमेंटची सिस्टिम बनवली’ असं मोघम सांगू नका. कुठले दोन पर्याय होते, तुम्ही कुठला निवडला, कुणी विरोध केला, चुकलं असतं तर काय बिघडलं असतं, हे सांगा. ‘आम्ही’ म्हणायची विनयशील सवय इथे महागात पडते.

भाषेबद्दल फार बोलत नाही. अमुक भाषा शिकलं की अमुक पगार अशा याद्या फिरत असतात. त्यात बहुतेकदा भाषेचा नव्हे तर ती वापरणाऱ्या कंपन्यांचा पगार दिसतो. माणसं कमी आणि काम न थांबवता येणारं, अशी जोडी जमली की भाव चढतो. कोबोल १९५९ सालची. बँकांचे जुने व्यवहार अजून तिच्यावर चालतात आणि ती नव्यानं शिकायला फारसं कुणी तयार नसतं, म्हणून जाणकार माणसाला किंमत येते. डिगरीचा उपयोग पहिल्या नोकरीच्या दारापर्यंत, पुढे कुणी फारसं विचारत नाही. संशोधनाची कामं अपवाद.

राहण्याच्या जागेचा परिणाम अजूनही मोठा आहे, घरून काम करणाऱ्यांवरसुद्धा. गिटलॅबसारखी पूर्णपणे दूरस्थ कंपनीही पगाराच्या सूत्रात जागेनुसार गुणक लावते. घर बदलायच्या आधी एचआरला लेखी विचारा, एवढंच.

ऑफरची चिरफाड

समजा तुम्हाला सांगितलं, “पॅकेज १६०.” एकक कुठलंही धरा. फोड अशी निघते: मूळ पगार १००, बोनस १५, चार वर्षांत मिळून १२० चे शेअर म्हणजे वर्षाला ३०, आणि जॉइनिंग बोनस १५. बेरीज बरोबर आहे. पण जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, म्हणजे दुसऱ्या वर्षी तुम्ही १४५ वर आलात. बोनस ‘पर्यंत’ असतो. कंपनीनं साठ टक्केच वाटला तर १५ चे ९ होतात आणि आकडा १३९. शेअर पुष्कळ ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय हातात येत नाहीत, म्हणजे अकराव्या महिन्यात सोडलंत तर शून्य, वर जॉइनिंग बोनस परत मागतात तो वेगळा.

शेअर चार वर्षांत समान वाटले जातात असंही गृहीत धरू नका. अ‍ॅमेझॉननं कित्येक वर्षं ५, १५, ४०, ४० टक्के अशी वाटणी ठेवली होती. वरच्या उदाहरणात लावून बघा: पहिल्या वर्षी ३० च्या जागी ६. ती कंपनी पहिल्या दोन वर्षांत रोख बोनस देऊन खड्डा भरत असे, पण दुसरीकडे तुमचा खड्डा कुणी भरतंय का हे विचारायलाच हवं. त्याच कंपनीत मूळ पगाराला १,६०,००० डॉलरची कमाल मर्यादा होती, ती २०२२ मध्ये ३,५०,००० केली. तोवर कितीही ज्येष्ठ माणूस असला तरी उरलेलं बहुतेक शेअरच्या रूपात, म्हणजे बाजाराच्या लहरीवर.

आणखी एक प्रश्न विचाराच: दरवर्षी नवे शेअर मिळतात का? मिळत नसतील तर पाचव्या वर्षी उत्पन्न एकदम घसरतं आणि नेमकी तेव्हाच घराच्या कर्जाची सवय लागलेली असते.

स्टार्टअपचे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर विकत घ्यायचा हक्क, हा वेगळाच प्रकार. ‘तुम्हाला दहा हजार ऑप्शन देतोय’ या वाक्याला काहीही अर्थ नाही. एकूण शेअर किती, ऑप्शन वापरायची किंमत किती, कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदार आधी किती उचलणार आणि नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरायला मुदत किती, ही चार उत्तरं घ्या. ही मुदत पुष्कळदा नव्वद दिवसांची असते. तेवढ्यात स्वतःच्या खिशातून पैसे भरायचे, काही देशांत वर करही, आणि मिळणारे शेअर विकता येतीलच असं नाही. माझा नियम सोपा आहे: ऑप्शनची किंमत शून्य धरून घरखर्च भागत असेल तरच जा.

आकडा पडताळायचा कुठे

अमेरिकेत कोलोरॅडोनं २०२१ पासून आणि कॅलिफोर्नियानं २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची श्रेणी देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. युरोपीय संघानंही २०२३ मध्ये वेतन पारदर्शकतेचा निर्देश काढला. तुम्ही दुसऱ्या देशात असलात तरी त्याच कंपनीची त्याच लेव्हलची तिथली जाहिरात वाचा. आकडा तुमच्याकडे लागू होणार नाही, पण दोन लेव्हलमधलं अंतर किती टक्क्यांचं आहे ते कळतं. एच-१बी व्हिसासाठी कंपन्या कुठल्या पदाला किती वेतन देऊ म्हणतात, ती माहिती अमेरिकेचं कामगार खातं जाहीर करतं. लेव्हल्स डॉट एफवायआयसारख्या ठिकाणी लोक स्वतःचे आकडे टाकतात. जास्त मिळवणारे हौसेनं टाकतात हे ध्यानात ठेवून वाचा.

बाजार आपोआप योग्य भाव ठरवतो यावर मी फार विसंबत नाही. एकमेकांच्या माणसांना नोकरी देऊ करायला फोन करायचा नाही असं काही बड्या कंपन्यांनी आपापसांत ठरवलं होतं. अमेरिकेच्या न्याय खात्यानं २०१० मध्ये ते बंद पाडलं, आणि पुढे कर्मचाऱ्यांनी लावलेल्या दाव्यात अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अ‍ॅडोबी यांनी २०१५ मध्ये ४१ कोटी ५० लाख डॉलर मोजले. बाहेरून फोन येण्यानं पगार किती वाढतो, याचा अंदाज त्या कंपन्यांना नक्कीच होता.

बोलणी

सध्याचा पगार विचारला की सांगू नका. कॅलिफोर्नियात तर २०१८ पासून तो विचारण्यावरच बंदी आहे. “या लेव्हलचा बँड काय आहे ते सांगा, मग माझी अपेक्षा सांगते,” एवढं शांतपणे म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. दुसरी ऑफर हातात असेल तर सांगा, नसेल तर थाप मारू नका. एचआर लेखी मागू शकतो. मूळ पगार हलत नाही म्हणाले तर जॉइनिंग बोनस किंवा शेअर मागा, ते बहुधा वेगळ्या खात्यातून येतात. ‘सहा महिन्यांनी बघू’ हे ऑफर लेटरमध्ये नसेल तर ते कुणी म्हणालंच नाही असं समजा.

वेळही बघा. अमेरिकेत व्याजदर २०२१ मध्ये शून्याजवळ होते, तेव्हा गुंतवणूकदारांचा पैसा स्वस्त होता आणि कंपन्या भराभर माणसं घेत होत्या. मार्च २०२२ पासून दर चढत गेले. त्याच नोव्हेंबरात मेटानं ११ हजारांवर आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं १२ हजार माणसं कमी केली. दोन्ही काळात मी एकाच तोडीचे बायोडेटा वाचले आहेत. ऑफरच्या आकड्यांची तुलना करायलाही संकोच वाटावा. तेव्हा मित्राला दोन वर्षांपूर्वी काय मिळालं यावरून आज अडून बसू नका.

आणि जे आहेत तिथेच टिकून आहेत त्यांच्यासाठी. ८० वर रुजू झालात आणि दरवर्षी पाच टक्के मिळाले तर चार वर्षांनी ९७ च्या आसपास पोचता. मधल्या काळात बँड वर सरकून नवा माणूस ११० वर येतो आणि तुम्हीच त्याला काम शिकवता. मॅनेजर दुष्ट असतो असं नाही. वाढीचं बजेट आणि भरतीचं बजेट ही दोन वेगळी खाती असतात. बँडमध्ये मी कुठे आहे, तळाशी की मध्ये, हे मूल्यमापनाच्या बैठकीत विचारून उपयोग नाही, तोवर वाटप झालेलं असतं. त्याच्या दोन-तीन महिने आधी, बजेट अजून उघडं असताना विचारा.